दहा वर्षांचे राज्य आणि सात नाणी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात, विद्यार्थ्यांच्या छंद-प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी दिलेले व्याख्यान)



आजच्या प्रदर्शनात आपल्या मुलामुलींनी तिकिटे, नाणी, काडेपेट्यांची लेबले, शंख-शिंपले असे कितीतरी मांडले आहे. त्यावर मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. छंदाचे महत्त्व या विषयावर सर्वसाधारण गोष्टी सांगून तुमचा वेळ घेण्यापेक्षा एकच संच हातात घ्यावा आणि तो नीट वाचावा, असे मी ठरविले आहे. हा संच सात नाण्यांचा आहे. सर्व नाण्यांवर १९५५ हे साल आहे. ज्या राज्याने ती काढली ते राज्य आज नकाशावर नाही. ते जेमतेम दहा वर्षे टिकले. त्याचे नाव होते ऱ्होडेशिया आणि न्यासालँडचे संघराज्य.

विद्यार्थी मित्रांनो, आफ्रिका खंडाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. खंडाच्या दक्षिण भागात, ज्यांना समुद्रकिनारा नाही असे तीन देश जवळजवळ आहेत : झिम्बाब्वे, झांबिया आणि मलावी. ब्रिटिश अमलात त्यांची नावे अनुक्रमे दक्षिण ऱ्होडेशिया, उत्तर ऱ्होडेशिया आणि न्यासालँड अशी होती. दक्षिण ऱ्होडेशियाला १९२३ सालीच अंतर्गत स्वराज्य मिळाले होते. मात्र ते स्वराज्य व्यवहारात तेथे स्थायिक झालेल्या गोऱ्यांचे होते. बाकीचे दोन 'संरक्षित प्रदेश' म्हणून लंडनच्या वसाहत खात्याच्या देखरेखीखाली होते. उत्तर ऱ्होडेशियात तांब्याच्या मोठ्या खाणी होत्या. दक्षिणेत तंबाखूचे मळे, कारखाने आणि गोऱ्यांची मोठी वस्ती होती. न्यासालँडमध्ये विस्तीर्ण सरोवर होते, चहाचे मळे होते. पण पोटासाठी शेजारच्या देशांत मजुरीला जाणारी माणसे हीच त्याची मोठी निर्यात होती. तांबे, कारखाने आणि मजूर एकत्र आणले तर सर्वांची भरभराट होईल, असे सांगून १९५३ साली या तीन प्रदेशांचे संघराज्य बनविण्यात आले. राजधानी सॉल्सबरी, म्हणजे आजचे हरारे. पहिले पंतप्रधान सर गॉडफ्रे हगिन्स. १९५६ पासून अखेरपर्यंत रॉय वेलेन्स्की. ३१ डिसेंबर १९६३ रोजी हे संघराज्य विसर्जित झाले.

आता नाण्यांकडे वळू. संघराज्य झाले तरी पहिली दोन वर्षे जुनी नाणी चालली. १९५५ साली संघराज्याच्या नावाची स्वतःची नाणी आली. चलन ब्रिटिश पद्धतीचे होते, म्हणजे बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. आजच्या मुलांना हा हिशेब विचित्र वाटेल. पण आपल्याकडेही १ एप्रिल १९५७ पर्यंत सोळा आण्यांचा रुपया आणि चार पैशांचा आणा होता, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. संचातील सात नाणी अशी : अर्धा पेनी, एक पेनी, तीन पेन्स, सहा पेन्स, एक शिलिंग, दोन शिलिंग आणि अर्धा क्राउन, म्हणजे अडीच शिलिंग. पाचवी-सहावीच्या मुलांनी बेरीज करून पाहावी. सातही नाण्यांची मिळून दर्शनी किंमत सहा शिलिंग साडेचार पेन्स होते.

अर्धा पेनी आणि पेनी ही दोन नाणी कांशाची, मधोमध भोक असलेली. आपल्याकडेही युद्धकाळात, १९४३ पासून, असाच भोकाचा पैसा निघाला होता. पुष्कळांच्या घरी तो अजून सापडेल. अर्ध्या पेनीवर भोकाच्या दोन बाजूंना दोन जिराफ आहेत, पेनीवर दोन हत्ती. वरची पाच नाणी तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूची. तीन पेन्सवर अग्निशिखेचे फूल आहे. पावसाळ्यात आपल्या कोकणातील कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी जी फुले येतात, ज्यांना आपण कळलावी म्हणतो, तेच हे फूल. सहा पेन्सवर बिबट्या आहे. शिलिंगवर सेबल जातीचे, मागे वळलेल्या लांब शिंगांचे काळवीट आहे. दोन शिलिंगांवर पंजात मासा धरलेला मत्स्यगरुड आहे. अर्ध्या क्राउनवर संघराज्याचे राजचिन्ह आहे. या पाचही नाण्यांच्या दुसऱ्या बाजूला राणी एलिझाबेथ दुसरी हिचे, मेरी गिलिक या शिल्पकार बाईंनी घडविलेले चित्र आहे.

हा संच 'प्रूफ' संच आहे. प्रूफ म्हणजे पुरावा नव्हे. छापखान्यात पुस्तक छापण्यापूर्वी तपासण्यासाठी जो नमुना काढतात त्याला आपण प्रूफ म्हणतो. त्याच घराण्यातला हा शब्द आहे. टांकसाळीत नवा ठसा तयार झाला की तो कसा उमटतो हे पाहण्यासाठी पूर्वी काही नाणी विशेष काळजीने पाडीत. पुढे तशी नाणी संग्राहकांसाठी आणि मान्यवरांना भेट देण्यासाठी मुद्दाम पाडण्याची प्रथा पडली. त्यासाठी धातूची चकती आधी घासून चकचकीत करतात. ठसाही आरशासारखा घोटतात. मग चकती हाताने ठेवून, नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन, एकापेक्षा अधिक वेळा ठसा मारतात आणि नाणे हाताने अलगद उचलतात. चालू नाणी यंत्रातून भराभर खाली पेटीत पडतात, एकमेकांवर आपटतात. प्रूफ नाण्याला ओरखडाही पडू देत नाहीत. आपल्या मुंबईच्या टांकसाळीनेही भारतीय प्रजासत्ताकाच्या १९५० च्या पहिल्या नाण्यांचे असे संच काढले होते. संघराज्याची ही नाणी मात्र लंडनच्या रॉयल मिंटमध्ये तयार झाली. १९५५ चे असे प्रूफ संच सुमारे दोन हजार निघाले.

प्रूफ नाणे हातात घेतल्यावर पहिली भावना होते ती कौतुकाची. हत्तीच्या कातडीवरच्या सुरकुत्या दिसतात, गरुडाचे पीस नि पीस मोजता येते. दुसऱ्या वेळी पाहाल तेव्हा मात्र कौतुक बाजूला ठेवा आणि त्याला प्रश्न विचारा. नाणे हे सरकारने लिहिलेले पत्र असते. सरकारला आपल्याविषयी लोकांना काय सांगावयाचे आहे, ते त्यावर असते. आणि प्रूफ नाणे म्हणजे त्या पत्राची सर्वांत सुवाच्य प्रत.

या पत्रात काय लिहिले आहे? राजचिन्ह पाहा. त्यातील ढालीवर न्यासालँडचा उगवता सूर्य आहे, दक्षिण ऱ्होडेशियाचा सिंह आहे आणि उत्तर ऱ्होडेशियासाठी व्हिक्टोरिया धबधब्याच्या पाण्याचे काळे-पांढरे नागमोडी पट्टे आहेत. ढाल धरणारे दोन प्राणी म्हणजे सेबल काळवीट आणि बिबट्या, वर मत्स्यगरुड. आता लक्षात घ्या, काळवीट दक्षिण ऱ्होडेशियाच्या चिन्हातले, बिबट्या न्यासालँडच्या आणि गरुड उत्तर ऱ्होडेशियाच्या. म्हणजे सहा पेन्स, शिलिंग आणि दोन शिलिंग ही तीन नाणी मिळून सांगतात, 'आम्ही तिघे आहोत' आणि अर्धा क्राउन सांगतो, 'आम्ही एक आहोत.' राजचिन्हाचे लॅटिन ब्रीदवाक्य होते, त्याचा अर्थ, 'आपण थोरपणाला पात्र ठरू या.' किती विचारपूर्वक मांडणी! चार अक्षरे न वाचता येणाऱ्या माणसालाही समजावी अशी.

पण पत्र वाचताना ते कोणी लिहिले आणि कोणाला न विचारता लिहिले, हेही विचारावे लागते. या सात नाण्यांवर जिराफ आहे, हत्ती आहे, बिबट्या आहे, फूल आहे. त्या भूमीतला माणूस एकाही नाण्यावर नाही. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु इतिहासाचे पुस्तक उघडले की तो तसा वाटत नाही.

एप्रिल १९५३ मध्ये दक्षिण ऱ्होडेशियात संघराज्याविषयी सार्वमत घेण्यात आले. सुमारे साडेपंचवीस हजार मते बाजूने पडली आणि पावणेपंधरा हजारांच्या आसपास विरुद्ध. म्हणजे चाळीस हजारांच्या आसपास माणसांनी मत दिले, आणि ती जवळजवळ सर्व गोरी होती. आफ्रिकी मतदार काही शेकड्यांतच होते. संघराज्याची एकूण लोकसंख्या त्या सुमारास सत्तर लाखांच्या घरात होती, आणि तीत युरोपीय दोन-अडीच लाख. उत्तर ऱ्होडेशिया आणि न्यासालँड येथे तर सार्वमत झालेच नाही. तेथील आफ्रिकी पुढाऱ्यांनी आणि टोळीप्रमुखांनी या योजनेला उघड विरोध केला होता, तो बाजूला सारण्यात आला. पहिल्या संघीय विधिमंडळात पस्तीस सभासद. त्यांत आफ्रिकी फक्त सहा. संघराज्याचे घोषवाक्य 'भागीदारी' होते. ही भागीदारी कशी, तर घोडा आणि घोडेस्वार यांच्यात असते तशी, असा दाखला पंतप्रधान हगिन्स यांनी दिल्याचे प्रसिद्ध आहे. घोड्याला या भागीदारीविषयी काय वाटत होते, हे पुढच्या दहा वर्षांत दिसून आले.

येथे मी दुसरे एक नाणे तुमच्यापुढे ठेवतो. ते संचातले नाही. माझे एक चाचा बोटीवर खलाशी होते. आपल्या कोकणपट्टीतील किती घरांतील माणसे बोटींवर होती, हे तुम्हांला सांगावयास नको. मुंबईहून निघणाऱ्या काही बोटी मोम्बासा, दारेसलाम करीत मोझांबिकमधील बैरा बंदरापर्यंत जात. ऱ्होडेशिया आणि न्यासालँड यांना समुद्र नसल्यामुळे त्यांचा माल रेल्वेने या बैरा बंदरात येई. तेथून चाचांच्या खिशात आलेला हा भोकाचा पेनी. नाण्याच्या बाजारात याला विचारणारा कोणी नाही. हत्तींच्या पाठी घासून गुळगुळीत झाल्या आहेत, अक्षरे पुसट आहेत, कडेला एक खोक आहे.

तरीही माझ्या पेटीत हा पेनी प्रूफ पेनीच्या शेजारी ठेवलेला आहे, आणि प्रदर्शनातही आज मी तो तसाच मांडला आहे. कारण दोन्ही नाणी एकाच राज्याची आहेत, दोन्हींवर तेच हत्ती आहेत. पण एक सरकारच्या म्हणण्याची साक्ष देते आणि दुसरे लोकांच्या जगण्याची. प्रूफ पेनी लंडनहून पेटीत निघाला आणि पेटीतच राहिला. हा दुसरा पेनी कोण जाणे किती हातांतून गेला. खाणीतल्या मजुराने मीठ घेताना दिला असेल, एखाद्या गुजराती दुकानदाराने त्याच्या गल्ल्यातून मोड म्हणून परत केला असेल, रेल्वेच्या हमालाने दोरीत ओवून कमरेला बांधला असेल. हे मी कल्पनेने सांगतो आहे. परंतु झीज ही काही कल्पना नाही. ती बोटांनी केलेली आहे. आणखी एक गोष्ट पाहा. भोकामुळे पेनीवर आणि अर्ध्या पेनीवर राणीचा चेहरा बसविणे शक्यच नव्हते. म्हणजे गरिबाच्या हाती रोज खुळखुळणाऱ्या नाण्यांवर ना राज्यकर्त्याचा चेहरा होता, ना त्याचा स्वतःचा.

संघराज्याने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. झांबेझी नदीवरील करिबा धरण याच काळातले. १९५५ ते १९५९ या काळात ते बांधले गेले आणि मे १९६० मध्ये राजमातेच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या विजेवर तांब्याच्या खाणी आणि दक्षिणेतील कारखाने चालू लागले. परंतु त्याच धरणाच्या पाण्याखाली टोंगा लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्त्या गेल्या. सुमारे ५७,००० माणसांना उठावे लागले. धरणांमुळे गावे उठलेली आपल्या महाराष्ट्रानेही पाहिली आहेत. म्हणून हा आकडा आपल्याला परका वाटू नये.

असंतोष वाढत गेला. जुलै १९५८ मध्ये डॉ. हेस्टिंग्ज बांदा अनेक वर्षे परदेशी काढून न्यासालँडला परतले आणि संघराज्याविरुद्धच्या चळवळीचे पुढारी झाले. ३ मार्च १९५९ रोजी तेथे आणीबाणी पुकारण्यात आली, बांदांना पकडून दक्षिण ऱ्होडेशियातील तुरुंगात ठेवण्यात आले आणि त्या धामधुमीत पन्नासच्या आसपास आफ्रिकी माणसे मारली गेली. चौकशीसाठी नेमलेल्या डेव्हलिन आयोगाने त्याच वर्षी अहवाल दिला, आणि न्यासालँड हे तूर्त तरी पोलिसी राज्य झाले आहे, असे ब्रिटिश न्यायाधीशाच्याच अध्यक्षतेखालील त्या आयोगाने स्पष्ट नोंदविले. १९६० च्या माँक्टन आयोगानेही आहे त्या स्वरूपात हे संघराज्य लोकांना मान्य नाही, असाच निष्कर्ष काढला. अखेर १९६३ च्या शेवटच्या दिवशी ते मोडले. ६ जुलै १९६४ रोजी न्यासालँड मलावी या नावाने स्वतंत्र झाला. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी उत्तर ऱ्होडेशियाचा झांबिया झाला. दक्षिण ऱ्होडेशियातील गोऱ्या सरकारने मात्र ११ नोव्हेंबर १९६५ रोजी एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले, आणि तेथील बहुसंख्य प्रजेला झिम्बाब्वेचा झेंडा उभारण्यासाठी १८ एप्रिल १९८० पर्यंत झगडावे लागले.

आता संग्राहकाला मौज वाटावी अशी एक गोष्ट सांगतो. संघराज्याच्या अर्ध्या पेनीवर आणि तीन पेन्सवर १९६४ हे सालही सापडते. संघराज्य संपले ३१ डिसेंबर १९६३ ला, आणि नाणे १९६४ चे! राज्य गेले तरी बाजारात मोड लागतेच, आणि संघराज्याची मध्यवर्ती बँकही आवराआवर होईपर्यंत काही काळ त्याच नावाने काम पाहत होती. परीक्षेत सनावळी पाठ करणाऱ्या मुलांनी हे नाणे जरूर पाहावे. झेंडा एका रात्रीत उतरतो. व्यवहार आपल्या गतीने बदलतो.

या सात नाण्यांनंतर पुढची नाणी शेजारी मांडली की गोष्ट पुरी होते. मलावीच्या १९६४ च्या नाण्यांवर राणी नाही, डॉ. बांदा आहेत, शिलिंगवर मक्याची कणसे आहेत, कारण मका हे तेथील लोकांचे रोजचे अन्न. झांबियाने १९६४ ची नाणी काढली, त्यांवर देशाचे राजचिन्ह आले. दोन्ही देशांनी आपापले प्रूफ संचही काढले, हेही लक्षात ठेवण्यासारखे. सुवाच्य पत्र लिहिण्याची हौस सर्वच सरकारांना असते. म्हणून जो प्रश्न आपण संघराज्याच्या नाण्याला विचारला, तोच बांदांच्या नाण्यालाही विचारला पाहिजे. तेच बांदा पुढे तहहयात अध्यक्ष झाले आणि १९९४ साली मतदारांनी त्यांना दूर करीपर्यंत विरोधकाला त्यांनी जागा ठेवली नाही. नाण्यावरचा चेहरा आपल्या माणसाचा असला म्हणून प्रश्न विचारायचे थांबवायचे नसते.

आणि नाण्यांवरच्या त्या मुक्या प्राण्यांचे काय झाले? मत्स्यगरुड आज झांबियाच्या झेंड्यावर आहे. अग्निशिखा झिम्बाब्वेचे राष्ट्रीय फूल आहे. राज्यकर्त्यांनी शोभेसाठी घेतलेली चिन्हे तेथील लोकांनी आपली म्हणून ठेवून घेतली.

आता ज्या मुलांना हा छंद करावासा वाटतो, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. प्रूफ नाण्याला पृष्ठभागावर बोट लावू नये. दोन बोटांनी कडेला धरावे, खाली मऊ कापड असावे. बोटाच्या घामाचा डाग कांशाच्या नाण्यावर कायमचा बसतो. नाणे कधीही घासून उजळवू नये. चिंच, लिंबू, रांगोळी, भांडी घासायची पावडर यांनी नाणे चकाकते, पण त्याचा मूळ पृष्ठभाग जातो आणि मोलही जाते. मऊ प्लास्टिकची स्वस्त पाकिटे वापरू नयेत. काही वर्षांनी त्यांतून हिरवट चिकटा सुटतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातील हवा दमट होते, तेव्हा पेटीत ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी ठेवावी आणि ती अधूनमधून बदलावी. चालू नाणे चकचकीत करून ते प्रूफ म्हणून विकणारे भेटतात. त्यासाठी भिंग घ्या आणि अक्षरांच्या व कडेच्या रेषा पाहा. प्रूफ नाण्याच्या रेषा धारदार, कड चौकोनी असते. घासलेल्या नाण्याच्या रेषा गोलसर आणि पृष्ठभागावर केसासारख्या बारीक चरा. आज मोबाइलवर घरबसल्या लिलावात बोली लावता येते. वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय तेथे पैसे घालू नका.

आणि प्रत्येक नाण्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा. ते कोणी काढले, कधी, कोणत्या धातूचे, कोणाकडून मिळाले, हे तिच्यावर लिहा. चिठ्ठी नसलेला संग्रह म्हणजे नुसती मोड. चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ कोरी सोडा आणि तेथे नाण्याला विचारायचा एक प्रश्न लिहा. उत्तर आज मिळाले नाही तर पुढच्या वर्षी मिळेल. ग्रंथालय आपल्या संस्थेतच आहे.

पालकहो, तुमच्या मनातील शंका मला माहीत आहे. 'यातून मुलाला मिळणार काय? परीक्षेत गुण वाढणार आहेत का? पुढे नाणी विकून पैसे होतील का?' खरे उत्तर द्यावयाचे तर पैशाच्या आशेने कोणी या वाटेला जाऊ नये. महागडा प्रूफ संच घेतलाच पाहिजे, असेही नाही. घरातला भोकाचा पैसा, आखाती देशांत नोकरीला असलेल्या मामूंनी आणलेली मोड, आजीच्या डब्यातला जुना आणा, एवढ्यावर आरंभ होतो. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही तो करू द्या. मिळते ते असे : समोर आलेली सुंदर, चकचकीत, अधिकृत वस्तू पाहून मूल लगेच मान डोलावत नाही. हे कोण सांगत आहे, कोणाला विचारून सांगत आहे, आणि ज्यांना विचारले नाही त्यांचे म्हणणे कोठे सापडेल, असे ते विचारते. पाठ्यपुस्तक असो, वर्तमानपत्र असो, मोबाइलवर आलेला संदेश असो, हा प्रश्न सर्वत्र कामी येतो. आपल्या समाजाविषयी दुसऱ्यांनी लिहिलेले वाचताना तो लागतो, आणि आपण दुसऱ्यांविषयी बोलतो तेव्हाही लागतो.

आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेलाही या दोन पेनींतून काही घेण्यासारखे आहे. राज्य असो वा संस्था, उत्तम राजचिन्ह, उत्तम ब्रीदवाक्य आणि चकचकीत वार्षिक अहवाल यांवर ती टिकत नाही. ज्यांच्यासाठी ती काढली त्यांना विचारले गेले पाहिजे. पालक सभेत मागच्या बाकावर बसलेली, कधी न बोलणारी आई बोलू लागली पाहिजे. फीच्या चिंतेने गळणाऱ्या मुलाचे नाव हजेरीपटावरून जाण्यापूर्वी कोणी तरी त्याच्या घरी गेले पाहिजे. संघराज्याच्या कर्त्यांकडे तांबे होते, वीज होती, लंडनची टांकसाळ होती. सत्तर लाखांची संमती तेवढी नव्हती, आणि तिची जागा दुसरे काहीही भरून काढू शकले नाही.

प्रदर्शन आता आपणां सर्वांसाठी खुले होत आहे. नाण्यांच्या टेबलावर भिंग ठेवले आहे. दोन्ही पेनी शेजारी शेजारी आहेत. आधी चकचकीत पेनी पाहा, मग झिजलेला पाहा, आणि आपल्या मुलाला विचारा, यांतला कोणता अधिक बोलतो. त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्या.